मुलांसह टॅपरूम: अ‍ॅशव्हिलच्या सुट्टीत ब्रुअरीची दुपार कशी आखायची

सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, "आई, उद्या दुपारी आपण सगळे एका ब्रुअरीत जाणार आहोत." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग सात वर्षांच्या नातवाकडे. त्यांना ठाऊक होती ती परमिट रूम: काळ्या काचा, आत अंधार आणि रस्त्यावरून जाताना मुलांचा हात घट्ट धरून टाकलेली भराभर पावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या हिरवळीवरच्या बाकावर बसून नातवंडांना फळीच्या भोकात पिशव्या टाकायचा खेळ खेळताना बघत होत्या. शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन आजी आपल्या नातीला सूप भरवत होती.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात राहतो. तिथून अ‍ॅशव्हिल गाडीने चारेक तासांवर आहे, आणि उन्हाळ्यात किंवा पानगळीत भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन त्या डोंगरांत जायचं हा इथल्या बहुतेक मराठी घरांचा शिरस्ता. अ‍ॅशव्हिलला गेलं की ब्रुअरीचा, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याचा, विषय निघतोच, कारण हे गाव त्यासाठीच ओळखलं जातं. मग तोच प्रश्न येतो: मुलांना घेऊन जायचं का? आम्ही बऱ्याचदा गेलो आहोत. काही वेळा दुपार छान गेली, दोन वेळा साफ बिघडली. माझं मत आता पक्कं आहे. मुलांना घेऊन जायचं, तर ती मुलांची दुपार म्हणून आखायची. मोठ्यांची बिअर त्या दुपारीतला एक लहान भाग. हा क्रम उलटा झाला की सगळं फसतं. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलं आहे.

टॅपरूम म्हणजे नेमकं काय

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यानंतरही छोट्या ब्रुअऱ्या टिकल्या नाहीत, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस देशभरात मिळून शंभरही कंपन्या उरल्या नव्हत्या. १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने घरी बिअर बनवणं कायदेशीर झालं. घरात हात बसलेल्या अनेकांनी पुढे छोटे कारखाने काढले. आज अशा लहान ब्रुअऱ्या नऊ हजारांहून अधिक आहेत.

त्यांच्या कारखान्याला लागूनच बसायची जागा असते, ती टॅपरूम. टाकीतली बिअर थेट नळातून पेल्यात येते. जिथे पूर्ण स्वयंपाकघर आणि हॉटेलसारखं जेवण असतं त्याला ब्रूपब म्हणतात. टॅपरूममध्ये बहुतेकदा खाणं नसतं किंवा बाहेर एखादा फूड ट्रक उभा असतो. हा फरक आपल्या कामाचा आहे, कारण भुकेलं मूल आणि बंद फूड ट्रक या दोन गोष्टी एकत्र आल्या की दुपार तिथेच संपते.

इथे लोक मुलांना घेऊन येतात यामागे फार मोठं गुपित नाही. जागा मोकळी, उजेडाची, धूम्रपान बाहेर, संगीत बेताचं, आणि रात्री लवकर बंद. वीस वर्षांपूर्वी इथे येणारे तरुण आता आई-बाप झाले आहेत आणि त्यांनी मुलांनाही सोबत आणायला सुरुवात केली. सगळ्यांना हे आवडतं असं मात्र नाही. मुलांच्या धावपळीला कंटाळून काही ठिकाणी संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर लहान मुलांना बंदी असते, काही ठिकाणी पूर्णच बंदी. ती त्यांची मुभा आहे. तिथे वाद घालू नये.

सगळ्यात आधी: गाडी कोण चालवणार

हॉटेल, जागा, वेळ यांच्याही आधी हे घरी ठरवायचं, आणि मोठ्याने बोलून ठरवायचं. "बघू तिथे गेल्यावर" हे चालणार नाही. जो गाडी चालवणार तो एक थेंबही घेणार नाही. आमच्याकडे नवरा-बायको आलटून पालटून हे करतो, आणि दुपारच्या जेवणाआधीच किल्ली त्या दिवशीच्या चालकाच्या खिशात जाते.

"टॅक्सी करू" हा पर्याय मुलं असली की जवळजवळ नसतोच. लहान मुलांना कार सीट कायद्याने लागते आणि अ‍ॅपवरच्या गाडीत ती सहसा नसते. शिवाय डोंगरातल्या गावांत संध्याकाळी अशी गाडी मिळेलच याची खात्री नाही. पाठीवर कार सीट अडकवून फिरणारे पालक मी पाहिले आहेत, पण आजी-आजोबा आणि दोन मुलांसह ते जमत नाही.

आता हिशोब, कारण तो बहुतेकांना ठाऊक नसतो. अमेरिकेत एक "प्रमाण पेय" म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल: ५ टक्क्यांच्या बिअरचा ३५५ मिलिलिटरचा एक कॅन. टॅपरूममधला पाइंट मात्र ४७३ मिलिलिटरचा असतो आणि आयपीए नावाच्या कडू बिअरमध्ये ७ टक्के अल्कोहोल सहज असतं. तो एक पाइंट म्हणजे जवळजवळ दोन प्रमाण पेयं. चार छोट्या पेल्यांचा 'फ्लाइट' दिसायला चाखण्यापुरता असतो. पण प्रत्येक पेला १५० मिलिलिटरचा आणि सरासरी ७ टक्क्यांचा धरला तर तेही दोनाच्या वर जातं. काळ्या, दाट इम्पीरियल स्टाउटमध्ये १० ते १२ टक्केही असतात. शरीर साधारण तासाला एक प्रमाण पेय रिचवतं. कॉफीने, थंड पाण्याने किंवा भजी खाल्ल्याने हा वेग वाढत नाही.

रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा बहुतेक सगळ्या राज्यांत ०.०८ टक्के आहे, युटामध्ये ०.०५. नॉर्थ कॅरोलायनात गाडीत अठरा वर्षांखालचं मूल असताना पिऊन गाडी चालवली तर शिक्षेत ती गंभीर बाब धरली जाते. आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी: तुम्ही एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, निकाल लागायच्या आधीच. पण मला व्हिसापेक्षा मागच्या सीटवर झोपलेली दोन डोकी जास्त आठवतात.

जागा निवडताना

अ‍ॅशव्हिलच्या आसपास इतक्या ब्रुअऱ्या आहेत की यादी करत बसलात तर सुट्टी संपेल. मुलांसोबत एका दिवशी एकच. दुसरी जागा "जवळच तर आहे" म्हणून जोडायची नाही. आमची पहिली फसलेली दुपार अशीच होती: तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत धाकटी रडून रडून उलटीपर्यंत आली.

आजी-आजोबा आणि लहान मुलं दोघंही सोबत असतील तर मी मिल्स रिव्हरची सिएरा नेवाडा सुचवते. अ‍ॅशव्हिलच्या दक्षिणेला, विमानतळापासून जवळ आहे. मूळ कंपनी १९८०ची, कॅलिफोर्नियातल्या चिको गावची. केन ग्रॉसमन हे तिचे एक संस्थापक. इथला कारखाना गेल्या दशकात उभा राहिला. तांब्याच्या चकचकीत भांड्यांचा, झाडीत लपलेला हा परिसर इतका भव्य आहे की लोक त्याला लाडाने 'माल्ट डिस्ने' म्हणतात. स्वतःचं स्वयंपाकघर आहे, मागे मोठी हिरवळ आहे, भाज्यांची बाग आहे. सपाट वाटा असल्याने गुडघे दुखणाऱ्या माणसालाही चालता येतं. सासूबाईंनी सगळ्यात जास्त वेळ त्या भाज्यांच्या वाफ्यांपाशी घालवला.

शहराच्या पूर्वेला हायलँड आहे. दारूबंदीनंतरची अ‍ॅशव्हिलमधली पहिली ब्रुअरी, १९९४मध्ये सुरू झालेली. ती ऑस्कर वाँग यांनी काढली. जन्म जमैकातला, आई-वडील चिनी, आणि पेशाने अभियंता. सुरुवात शहरातल्या एका बारच्या तळघरात झाली. ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते, कारण बाहेरून आलेल्या माणसाने एका गावाची ओळख घडवली हे त्यांना कळायला हवं. तिथे मोठं मोकळं कुरण आहे, पळायला भरपूर जागा.

शहराच्या मध्यभागातल्या टॅपरूम मला मुलांसाठी आवडत नाहीत. जागा अरुंद, रस्ता लगत, गाडी लावायची अडचण, आणि शनिवारी संध्याकाळी मित्रांचे घोळके. तिथे जायचं असेल तर मुलं आजी-आजोबांजवळ ठेवून, दोघंच चालत जा.

एक सूचना. सप्टेंबर २०२४च्या हेलीन वादळाने या भागाचं फार नुकसान झालं. नदीकाठची वस्ती वाहून गेली, ब्लू रिज पार्कवे या डोंगररस्त्याचे तुकडे बंद झाले. बरंच काही पुन्हा उभं राहिलं आहे, पण जुन्या माहितीवर विसंबू नका. जायच्या आठवड्यात ब्रुअरीच्या वेळा आणि पार्कवेचे उघडे टप्पे पाहून घ्या.

तुम्ही दुसऱ्या राज्यात जात असाल तर जागा पारखताना मी हे बघते: बाहेर बसायची कुंपण असलेली जागा आहे का, ती वाहनतळापासून लांब आहे का, फूड ट्रक कुठल्या वारी येतो, आणि स्वच्छतागृहात बाळाचे कपडे बदलायची फळी आहे का. फोटोंमध्ये हे बहुतेक दिसतं. न दिसल्यास सरळ फोन करा. "मुलांना आणलेलं चालतं का, आणि किती वाजेपर्यंत?" एवढं विचारायला एक मिनिट लागतं.

राज्य बदललं की नियम बदलतो

दारू विकत घ्यायचं वय देशभर २१ आहे, १९८४च्या कायद्यामुळे. (महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५, त्यामुळे पाहुण्यांना हा आकडा नवा वाटत नाही.) पण मुलांनी आत बसावं की नाही हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. ओरेगनमध्ये दारावरच पाटी असते, एकवीसखालच्यांना कुठे आणि केव्हा प्रवेश आहे ते सांगणारी. वॉशिंग्टन राज्यात एकाच जागेचा अर्धा भाग कुटुंबांना खुला आणि बारचा भाग मोठ्यांपुरता, असं सर्रास दिसतं. दारावरची पाटी वाचायची सवय लावा.

काही राज्यांत आई-वडिलांनी स्वतःच्या मुलाला घोट द्यायला कायद्यात सवलत आहे. तिचा उपयोग करू नका. "चव तर बघू दे" हे वाक्य आमच्याच एका कौटुंबिक सहलीत एका काकांनी उच्चारलं होतं. मी त्यांना तिथल्या तिथे, हात जोडून, नाही म्हटलं. मूल चव विसरेल, पण मोठ्यांनी हसत हसत दिलेला होकार विसरणार नाही.

ओळखपत्र सगळ्या मोठ्यांचं लागतं. सत्तरीच्या आजोबांचे केस पांढरे आहेत म्हणून सोडतीलच असं नाही. पाहुण्यांनी मूळ पारपत्र सोबत ठेवावं, कारण भारतातला वाहन परवाना किंवा आधार कार्ड काउंटरवरच्या मुलीला ओळखता येत नाही आणि फोनमधला फोटो सहसा चालत नाही. पारपत्र एकाच पिशवीत, एकाच माणसाकडे. बाकावर काढून ठेवायचं नाही.

वेळ: दोन ते साडेतीन

माझा अनुभव असा की दुपारी दोनला पोहोचावं आणि साडेतीनला निघावं. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळचे घोळके आलेले नसतात, टेबल सावलीतलं मिळतं. आठवड्यातला मधला वार असेल तर उत्तमच.

त्याआधी मुलांचे पाय थकवा. मिल्स रिव्हरला जायचं असेल तर सकाळी पिसगाच्या जंगलातला लुकिंग ग्लास धबधबा बघा. रस्त्यालाच लागून आहे, त्यामुळे आजी-आजोबांनाही दिसतो. मुलं पाण्यात खेळतील, दमतील, डब्यातलं खातील, आणि मग हिरवळीवर शांतपणे बसतील. सकाळभर गाडीत बसवलेल्या मुलांना थेट टॅपरूममध्ये नेलं की ती तिथे शर्यती लावतात. त्यात त्यांचा दोष नाही.

उन्हाळ्यात या डोंगरांत दुपारी उशिरा गडगडाटासह पाऊस येतो. आकाश पश्चिमेकडून काळवंडलं की वेळ न बघता निघा.

पिशवीत काय

बाहेरचं खाणं चालतं का हे आधी विचारून घ्या. ज्या टॅपरूमला स्वयंपाकघर नाही तिथे बहुधा चालतं, जिथे आहे तिथे बहुधा नाही. चालत असेल तर तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी यांना तोड नाही. शाकाहारी घरांना तर हे करावंच लागतं, कारण फूड ट्रकवर बटाट्याच्या फोडींशिवाय फारसं काही मिळत नाही आणि त्याही मांसाबरोबर एकाच तेलात तळलेल्या असू शकतात. विचारून घ्या, ते खरं सांगतात. चिवडा किंवा चटणी शेजारच्या मुलाला देण्याआधी त्याच्या पालकांना शेंगदाण्याचं विचारा. इथे ही अ‍ॅलर्जी गंभीर असते.

बाकी: पाण्याच्या बाटल्या, टोप्या, एक चादर, कपड्यांचा एक जोड, ओले रुमाल, रंगीत खडू आणि पत्त्यांचा कॅट. आमच्याकडे मेंढीकोट चालतो, आजोबा एका बाजूला आणि नातू दुसऱ्या. उशिरा उन्हाळ्यात पिवळ्या गांधीलमाश्या गोड वासाने कॅनमध्ये शिरतात. मुलांचं सरबत झाकणाच्या बाटलीतच असू दे. टॅब्लेट मी नेत नाही. नेलात तर आवाज बंद ठेवा.

पोहोचल्यावर

टेबल आधी, बिअर नंतर. कुंपणाच्या बाजूचं, बुटक्या बाकांचं टेबल धरा. बारचे उंच स्टूल मुलांसाठी धोक्याचे, ते मागे कलंडतात. मुलांना आल्या आल्या हद्द चालून दाखवा: या झाडापासून त्या दगडापर्यंत, वाहनतळाकडे नाही, फूड ट्रकच्या मागे तर अजिबात नाही. आमची दुसरी बिघडलेली दुपार इथेच झाली. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. प्रत्येकाला वाटलं तो दुसऱ्याजवळ आहे. तो फूड ट्रकच्या मागे, चालू जनरेटरपाशी वाकून बसलेला सापडला. चारेक मिनिटं गेली असतील, माझे पाय मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते. तेव्हापासून नियम एकच: एका वेळी एका मोठ्या माणसाचं नाव घेऊन सांगायचं, "आता वीस मिनिटं मुलांवर तुमचं लक्ष." त्या वीस मिनिटांत त्याच्या हातात पेला नसतो आणि फोनही नसतो.

मागणी काउंटरवर द्यायची असते. कार्ड दिल्यावर ते विचारतात, खातं चालू ठेवू की लगेच पैसे घेऊ. लगेच द्या. मूल रडायला लागल्यावर उठून निघता येतं. पेल्यामागे एक डॉलर टिप रीतीची आहे, टेबलावर येऊन वाढत असतील तर १५ ते २० टक्के. निघताना रिकामे पेले त्यांच्या ट्रेमध्ये ठेवा आणि खाली सांडलेला चिवडा उचला.

पिणाऱ्याने एक पाइंट किंवा एक फ्लाइट, शेजारी तेवढंच पाणी. न पिणाऱ्या मोठ्यांसाठी हॉप वॉटर नावाचं साधं फसफसतं पाणी मिळतं, बिअरमध्ये घालतात त्या हॉपच्या बोंडांचा वास असलेलं, अल्कोहोल नसलेलं. चालकाला ते फार बरं पडतं. गरोदर बाईनेही 'नॉन-अल्कोहोलिक' बिअर मागवण्याआधी लक्षात ठेवावं की इथल्या नियमात त्या नावाखाली ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं. मुलांना ती देऊ नयेच.

मुलांसाठी रूट बिअर अनेक ठिकाणी असते. नावात बिअर असली तरी ते सरबत आहे. आपल्या मुलांना तिचा वास आयोडेक्ससारखा वाटतो, आणि त्यात तथ्य आहे: त्या चवीत विंटरग्रीनचा अंश असतो, तोच वास दुखण्यावरच्या मलमांत असतो. आधी छोटा पेला मागवा.

'हार्ड' हा शब्द आजोबांनाही शिकवा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. इथे पेयाच्या नावाआधी 'हार्ड' आलं की त्यात अल्कोहोल आहे: हार्ड लेमनेड, हार्ड सेल्ट्झर, हार्ड टी, हार्ड कोंबुचा. कॅन रंगीत, त्यावर लिंबं आणि आंबे. सायडरचाही घोळ आहे. शेतावरच्या दुकानातला अ‍ॅपल सायडर म्हणजे सफरचंदाचा रस, आणि टॅपरूममधला सायडर म्हणजे दारू.

आम्ही एकदा भाड्याच्या घरी परतलो होतो. बर्फाच्या पेटीत मुलांचं सरबत आणि आमचे चार कॅन एकत्र टाकलेले. माझ्या वडिलांनी नातीला प्रेमाने आंब्याचं चित्र असलेला कॅन फोडून दिला. तिने तोंडाला लावला आणि नाक मुरडून खाली ठेवला, म्हणून वाचलो. बाबांना ते वाचता आलं नसतं असं नाही, पण आंब्याचं चित्र बघून कोण बारीक अक्षरं वाचतो? चूक माझी होती, पेटी एक ठेवायला नको होती. त्या दिवसापासून आमच्या दोन पेट्या आहेत. मोठ्यांची लाल, झाकणाला पट्टा असलेली.

कारखाना दाखवा

मला या सहलींचा खरा आनंद इथे मिळतो. काचेपलीकडे टाक्या असतात, आणि मुलांना मोठ्या टाक्या, नळ्या आणि वाफ यांचं वेड असतंच. मार्गदर्शित फेरीला अनेक ठिकाणी किमान वय असतं आणि पुढून बंद बूट लागतात, चपला चालत नाहीत. फेरी आधी नोंदवा. वय बसत नसेल तर काचेतूनच दाखवा. सांगायला आपल्याकडे कितीतरी शब्द आहेत.

सुरुवात धान्यापासून. जव, म्हणजे आपले सातू, भिजवून त्यांना मोड आणतात आणि मग भट्टीत वाळवतात. हाच माल्ट. सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर नाचणीचं सत्त्व!" अगदी बरोबर. मोड येताना धान्यात जे पाचक रस तयार होतात तेच दोन्हीकडे काम करतात. बाळाची सत्त्वाची पेज पातळ आणि गोडसर का होते, त्याचं उत्तर हेच. हॉर्लिक्सचा वासही माल्टचाच. बऱ्याच ठिकाणी फेरीत मूठभर माल्ट चावायला देतात. मुलांना तो कुरकुरीत फुटाण्यांसारखा आवडतो.

मग हा माल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवतात. पिठुळ भागाची साखर होते. गोड पाणी गाळून घेतात, चोथा उरतो, आणि तो गाईंना जातो. मुलांना हा चोथ्याचा भाग फार पटतो, "मग गाईंना मजा!" गोड पाणी पुढे तासभर उकळतात आणि त्यात हॉप घालतात. हॉप म्हणजे वेलीवर येणारी हिरवी, पापुद्र्यांची बोंडं. त्यांच्यामुळे कडवटपणा आणि वास. अमेरिकेतला बहुतेक हॉप दूर वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतो. कुठे वेल लावलेला दिसला तर बोंड चुरगाळून मुलांना वास घ्यायला द्या, संत्र्याच्या सालीची आठवण होते.

सगळं थंड झालं की यीस्ट. हे जिवंत आहे, साखर खातं, आणि त्यातून अल्कोहोल आणि वायू बाहेर पडतो. पावातलं यीस्ट आणि एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट एकाच जातीचं. इडलीच्या पिठात काम करणारे जीव थोडे वेगळे, पण रात्रभरात पीठ फुगून पातेल्याबाहेर येतं ते मुलांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे समजायला अडत नाही. टाकीच्या खालच्या बादलीत नळी बुडवलेली असते आणि त्यातून बुडबुडे येतात. माझी लेक तिथे दहा मिनिटं बसून बुडबुडे मोजत होती.

हे सांगताना शेवटी तिने विचारलं, "पावात पण अल्कोहोल असतं?" भाजताना जवळजवळ सगळं उडून जातं, बाळा. असे प्रश्न यायला लागले की समजायचं, दुपार सार्थकी लागली.

मुलं विचारतील ते

"आम्हाला का नाही?" याला "मोठ्यांचं असतं" एवढं उत्तर पुरत नाही. मी सांगते: तुमचा मेंदू अजून वाढतो आहे, अल्कोहोल त्याला इजा करतं, मोठ्यांनाही जास्त झालं तर करतं, म्हणून बाबा एकच घेतो आणि आई आज गाडी चालवणार म्हणून काहीच घेत नाही. घरात कुणाला दारूचा त्रास झालेला असेल तर तेही वयाला झेपेल इतकं सांगावं. तशा घराने ही सहल टाळली तर मला ते अधिक योग्य वाटतं. डोंगरात बघायला पुष्कळ आहे.

आजी-आजोबांचंही आधी मन विचारा. "आई-बाबा, तुम्हाला अवघडल्यासारखं होणार असेल तर आपण जाणार नाही," हे खरोखर मनापासून म्हणा, आणि ते नको म्हणाले तर जाऊ नका. आले तर त्यांचे फोटो न विचारता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. गावाकडे त्या एका फोटोचा अर्थ वेगळा लागतो आणि उत्तरं त्यांना द्यावी लागतात.

निघताना

मुलं आनंदात असतानाच उठायचं. दहा मिनिटं आधी सांगा, पिशव्यांचा शेवटचा डाव खेळू द्या, मग सगळ्यांनी स्वच्छतागृह. साडेतीन वाजले आणि कुणी मित्र म्हणाला, "अजून एक घेऊ," तर त्याला बसू द्या, तुम्ही निघा.

घरी न्यायची असेल तर कॅन घ्या किंवा ग्राउलर, म्हणजे नळावर भरून देतात ती मोठी बाटली. ती सीलबंद असल्याची खात्री करा आणि मागच्या डिकीत ठेवा, पुढे पायाशी नाही. बहुतेक राज्यांत गाडीत बसायच्या जागेत उघडलेली बाटली असणं हाच गुन्हा आहे, प्यायलेलं कुणी नसलं तरी. घरच्या फ्रिजमध्ये सगळ्यात वरच्या कप्प्यात, मागे. मुलांचं सरबत दारातल्या खालच्या कप्प्यात, त्यांच्या हाताला येईल असं.